दहा गाठींच्या दोरावरची अकरावी गाठ

पाऊस गाशा गुंडाळतो आणि थंडीचं अजून नावही नसतं, अशा मधल्या दिवसांत आमच्या गुहागराकडे जी उकड होते तिला नीटसं नाव नाही. लोक ऑक्टोबरचं ऊन म्हणतात. मला मात्र त्रास उन्हाचा होत नाही, ओलीचा होतो. शेतात भात पिवळं पडत असतं, अंगातला गंजी पाठीला चिकटलेला असतो आणि सकाळचा चहा घेऊन पडवीत बसावं तर चष्म्यावर धुकं धरतं. परवा असाच बसलो होतो. चष्मा पुसला, पुन्हा धुकं. पुन्हा पुसला. आणि एकाएकी नाकाशी ओल्या दोराचा, खाऱ्या पाण्याचा आणि डिझेलचा वास आला. आमच्या पडवीत डिझेल कुठून येणार? बायकोला हाक मारून विचारलं, "सुलभा, कसला वास येतोय गं?"

"तुमच्या नाकाला कायम कसला ना कसला येतच असतो," ती आतून म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नाही. पण त्या वासाला कारण होतं आणि ते माझ्या डोक्यावरच टांगलेलं होतं. आमच्या पडवीत कपडे वाळत घालायचा जो दोर आहे तो बहारीनचा आहे. सुती, वेणीसारखा विणलेला, करंगळीएवढा जाड. चार फेऱ्या मारूनही उरला म्हणून खुंटीला गुंडाळून ठेवलाय, इतका लांब. त्याच्यावर ठरावीक अंतरानं गाठी आहेत. पाहुणे विचारतात, ह्या गाठी कशाला? मी सांगतो, हँगर सरकू नयेत म्हणून. हे खोटं नाही, पण खरंही नाही. खरं सांगायला बसलो की माझा घोळ होतो, कारण त्या दोरावरच्या एका गाठीबद्दल माझं मत अजून ठरायचं होतं.

बहारीनमध्ये हा ऋतू ऑगस्ट संपता संपता यायचा. उन्हाळाभर शमाल वाहायचा. उत्तरेचा वारा, धुळीनं भरलेला, कोरडा, आणि आम्ही सगळे त्याला शिव्या घालायचो. मग एक दिवस तो पडायचा आणि त्याची किंमत कळायची. समुद्रावरची सगळी वाफ शहरात येऊन बसायची. तिथले लोक म्हणायचे, रुतूबा. भिंतींना घाम सुटायचा. खिडक्यांत बसवलेल्या एसीच्या खोक्यांतून गल्लीत टिपटिप गळायचं आणि माणसं कडेकडेनं, डोकं वाचवत चालायची. मनाम्यात, बाब अल बहरीन ह्या वेशीच्या मागच्या गल्लीत एका कापडवाल्याच्या दुकानावर आमची खोली होती. खालून कोऱ्या कापडाचा वास यायचा, वर आमच्या आमटीचा, आणि त्या दिवसांत दोन्ही वास जिन्यात अडकून बसायचे, कुठे जायचेच नाहीत. बाजारात अर्धे पिवळे, अर्धे पिकलेले ओले खजूर आलेले असायचे. सुलभा ते हातात घेऊन बघायची आणि ठेवून द्यायची. "कच्चं हाय का सडलंय हेच कळत नाय," म्हणायची. मला तर त्या ऋतूत कशाचंच काही कळत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी जहाजं दुरुस्त करायच्या एका गोदीत फिटर होतो. फिटर जास्त झाले होते आणि काम कमी. काहींना घरी पाठवणार, आणि उरलेल्यांचं फॅमिली स्टेटस काढून घेणार, असं ठरलं होतं. म्हणजे नवरा इकडे कँपात, बायको गावी. लग्न झाल्यापासून आम्ही सुट्टीत भेटणारे नवराबायको होतो. विमानतळावर एकमेकांना नव्यानं बघायचं, आणि ओळख पटेपर्यंत सुट्टी संपायची. ती मनाम्याला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आता कुठे मला तिच्या हातची आमटी आणि तिला माझं घोरणं सवयीचं झालं होतं.

वाट एकच होती. गोदीत पाण्याखाली काम करणारी टोळी होती. पाठीवर हवेची टाकी बांधून जहाजाच्या पोटाखाली जायचं, तिथे चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात अडकलेला दोर कापायचा, पडलेली वस्तू चिखलात चाचपून काढायची. त्या टोळीत घेतलं की ग्रेड वाढायची, आणि ग्रेड वाढली की सुलभा राहणार. समुद्राकाठचा असल्यामुळे पोहण्यात मी पास झालो. टाकी लावून श्वास घेण्यातही झालो. राहिली गाठींची परीक्षा. मला वाटलं, गाठीत काय मोठं, लेंग्याच्या नाडीला रोजच मारतो.

टोळीचा मुकादम अबू यूसुफ. अरादचा माणूस, किल्ल्याजवळ घर. त्याचे वडील मोत्यांच्या बोटीवर होते, पण पाणबुडे नव्हते. पाणबुड्याचा दोर हातात धरून बसायचं आणि खूण मिळाली की त्याला वर ओढायचं, हे त्यांचं काम. "मेरा बाप कभी नीचे नहीं गया," अबू यूसुफ सांगायचा, "पूरा जिंदगी दोर पकड़ा. नीचे वाला आदमी का जान उसका हात में." शुक्रवारी दुपारनंतर तो मला घरी बोलवायचा. ओहोटीला किल्ल्यासमोरचं पाणी लांब मागे सरलेलं असायचं आणि चिखल चकाकत असायचा. आम्ही त्याच्या अंगणात बसायचो. मध्ये एक बादली, बादलीत पाणी, आणि पाण्यात त्यानं भरपूर साबण कालवलेला. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर फडकं. त्या बादलीत हात घालून मी गाठी मारायच्या.

माणसाला स्वतःच्या अंगाभोवती बांधायला जी गाठ लागते तिला ते बोलाइन म्हणत. ओढली तरी आवळत नाही आणि काम झालं की बोटानं मोडता येते. ओढली की आवळत जाणारी आपली सरगाठ अबू यूसुफनं पहिल्याच दिवशी बाद केली. "ये बकरी के वास्ते," तो म्हणाला. खांबाला दोन वेढे घेऊन अडकवायची एक, जाड दोराला बारीक दोर जोडायची एक, आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी एक. ती दोराच्या मधोमध मारतात. फुगीर असते, अंधारात हाताला लागते. उघड्या डोळ्यांनी मला सगळ्या येत. डोळे बांधले की बोलाइनचं टोक कुठल्या बाजूनं आत गेलं आणि कुठल्या बाजूनं आलं ह्याचा पत्ता नसे. तीच तीच चूक मी इतक्या वेगवेगळ्या प्रकारे करायचो की अबू यूसुफ फडकं वर करून माझे डोळे बघायचा.

"अच्छा गांठ दो काम करता," तो सांगायचा. "पकड़ता. और तुम बोलो, तो छोड़ता. जो छोड़ता नहीं, वो गांठ नहीं, वो मुसीबत."

हे वाक्य मी घरी येऊन सुलभाला ऐकवलं, कारण छोड़त नाही अशा गाठींची ती कारखानदार होती. आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ असे दोन शब्द आहेत; तिच्याकडे एकच होता. मसाल्याची पुरचुंडी, गोधड्यांचं गाठोडं, कचऱ्याची पिशवी, सगळ्याला निरगाठ. नुसती नाही, गाठीवर आणखी एक गाठ, आणि मग दात लावून ओढायचं. गावाहून आणलेली कुळथाच्या पिठाची पिशवी मी सुरीनं कापून उघडली होती. "सुटायची असंल तर मारायची कशाला?" हे तिचं त्यावरचं उत्तर. अबू यूसुफ आणि सुलभा तोवर समोरासमोर आले नव्हते ते बरं झालं.

संध्याकाळी मी खाटेच्या पायाला दोर अडकवून डोळे मिटून बसायचो आणि ती समोर बसून दुसरं टोक धरायची. "रेडा बांधायला पण एवढं शिकत नाय कोण," असं म्हणत म्हणत ती माझ्याआधी शिकली. तिची बोलाइन समोरून बघून शिकलेली, म्हणून उलट्या हाताची, पण सुबक. आठाची गाठ तर ती बोलता बोलता मारायची. मी चुकलो की हसायची. खालचा कापडवाला दुकान बंद करून कुलूप लावायचा तो आवाज यायचा आणि आम्ही दोघं दोराच्या दोन टोकांना बसलेले असायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गप्पा मारायला लागलो ते त्या दोरामुळे, असं मला अजून वाटतं.

आणि तरीही तिला काय हवंय हे मला कळत नव्हतं. एके दिवशी म्हणायची, "लागेल हो तुमचा नंबर." दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, "पाण्याखाली जाऊन असं काय मिळणार हाय? गावात लोक जगत नाय काय?" मी म्हणायचो, तुला जायचंय का गावाला? ती म्हणायची, "माझं काय? तुमी म्हणाल तसं." आता ह्या 'तुम्ही म्हणाल तसं'चा अर्थ कुठल्या मास्तरानं कुणाला शिकवलाय? मी खूप डोकं चालवलं. मग एका संध्याकाळी गोदीतून आलो तर तिची पत्र्याची पेटी खाटेवर उघडी. चांगल्या साड्या घड्या करून, मध्ये डांबराच्या गोळ्या घालून, आत रचलेल्या. मला बघून तिनं झाकण लावलं. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. रात्री जेवताना आम्ही खजुराच्या भावाबद्दल बोललो.

परीक्षेसाठी प्रत्येकानं स्वतःचा दोर स्वतः तयार करायचा असे. गोदीतल्या पाण्याखाली चिखल इतका की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. अंतर कळायला दोरच हवा. तळावर दोर ताणायचा, दोन्ही टोकांना वजन, आणि दर दोन वावांवर आठाची एक गाठ. पाणबुड्या दोरावरून हात सरकवत जातो आणि गाठी मोजतो. किती गाठी झाल्या त्यावरून तो किती लांब आला ते कळतं. दोर दुसऱ्यानं केला तर भरवसा कसला, म्हणून ज्याचा त्यानं. मी तो गच्चीवर केला. सुलभानं टोक धरलं. मी हात पसरून वाव मोजले आणि गाठी मारल्या. आजूबाजूच्या गच्च्यांवर बायका न वाळलेले कपडे उलटेपालटे करत होत्या, आणि मशिदीचा भोंगा नुकताच थांबला होता. शेवटची गाठ मारून मी दोर तिच्या हातात दिला. तिनं सगळ्यावरून हात फिरवला.

"दहाच?" तिनं विचारलं.

"दहाच लागतात."

"बरं," ती म्हणाली, आणि दोर गुंडाळून खाटेखाली ठेवला.

परीक्षेच्या सकाळी हवा इतकी जड होती की गोदीतल्या क्रेनची टोकं दिसत नव्हती. पाणी अंघोळीसारखं कोमट. अबू यूसुफनं आधीच स्वतःच्या मापानं अंतर मोजून तळावर एक मोठा पाना टाकला होता. सातव्या गाठीशी, म्हणजे चौदा वावांवर. माझा दोर त्याच रेषेत पसरायचा, मी काळ्या रंगानं रंगवलेला चष्मा लावून खाली जायचं, सातव्या गाठीशी थांबून पाना शोधायचा, त्याला सोबतच्या बारीक दोराची बोलाइन घालून खूण करायची. नियमानं पाण्यात जाण्याआधी अख्खा दोर एकदा हाताखालून जायला हवा. पण जहाज ओढून आणणारी टग बोट वेळेआधीच आली, भोंगा वाजवू लागली, आणि अबू यूसुफ स्वतःच "यल्ला, यल्ला" करत दोर बोटीतून सोडायला लागला. मी कमरेला जीवरक्षक दोराची बोलाइन बांधली, डोळे मिटून, पहिल्या झटक्यात बरोबर, आणि उतरलो. त्या दोराचं दुसरं टोक अबू यूसुफच्या हातात होतं.

खाली गेल्यावर आवाज फक्त माझ्या श्वासाचा. गुडघे चिखलात. तळाचं वजन सापडलं, त्यावर माझीच बोलाइन, आणि तिथून दोर पुढे गेलेला. हात सरकवत निघालो. पहिली गाठ लवकरच लागली. दुसरी, तिसरी. उजव्या हातानं दोर, डाव्या हातानं चिखल चाचपायचा. सातवी लागली तेव्हा मला आनंद झाला, कारण एवढा वेळ मी कुठेही चुकलो नव्हतो, आणि हे माझ्या बाबतीत विशेष होतं. थांबलो. हात पुरेल तिथवर चिखल ढवळला. एक शिंपला, कसली तरी बाटली, पत्र्याचा तुकडा. पाना नाही. पुन्हा ढवळलं. नाही.

वरून कमरेच्या दोराला एक झटका आला. ठीक आहेस का? मी एक झटका दिला. ठीक आहे. ठीक नव्हतो. मोजलेलं बरोबर असेल तर पाना इथेच हवा. पाना नाही म्हणजे मोजलेलं चूक. पण मी तर एकेक गाठ मुठीत धरून मोजली होती. पुढे जाऊ, की इथेच आणखी शोधू, की मागे? काळोखात ज्याच्यावर विसंबायचं ते एकच, तो दोर, आणि तोच मला काहीतरी वेगळं सांगत होता. त्या दोन-चार मिनिटांइतका गोंधळ मी आयुष्यात दुसरीकडे कुठे अनुभवला नाही, आणि मी तसा त्या विषयातला जुना माणूस आहे.

शेवटी ठरवलं, मागे जायचं आणि सुरुवातीपासून मोजायचं. टाकीतली हवा संपत होती, वेळ जात होता, तरी निघालो. उलटं मोजत आलो. सहा, पाच, चार, तीन, दोन. सगळ्या फुगीर, सगळ्या माझ्या. मग एक.

ती माझी नव्हती.

जाताना घाईत मुठीतून गेली होती. आता बोटं तिच्यावर थांबली. लहान, कडक, खड्यासारखी. दोर चिमटीत दुमडून मारलेली गाठ, तिच्यावर आणखी एक, आणि दात लावून आवळलेली. रबरी मोज्यातूनही मला ती कळली. कुळथाच्या पिशवीवर होती, गोधड्यांच्या गाठोड्यावर होती. डोळे असते तर कदाचित ओळखली नसती. खाऱ्या काळ्या पाण्याच्या तळाशी, गुडघे चिखलात रुतवून, मी माझ्या बायकोची गाठ हातात धरून बसलो होतो.

पहिल्यांदा मला तिची इतकी आठवण झाली की तोंडातली नळी सुटेल असं वाटलं. आणि लगेच, त्याच श्वासात, पेटी आठवली. घड्या केलेल्या साड्या. 'पाण्याखाली जाऊन असं काय मिळणार हाय.' मी नापास झालो तर ती घरी जाणार. तिला घरी जायचं असेल तर? माझा हात त्या गाठीवरच होता आणि मनात आलं, हिनं मुद्दाम तर नाही ना बांधली?

वरून पुन्हा झटका. ह्या खेपेला जरा रागावलेला. मी उत्तर दिलं, ती गाठ सोडून उरलेल्या मोजत निघालो, आणि माझ्या खऱ्या सातव्या गाठीशी हात टाकला तर पाना तिथेच, जसा काही मला हसत. बोलाइन घातली. टोक बरोबर जागी गेलं.

वर आलो तर अबू यूसुफ तोंड मिटून बसलेला. "बीच में वापस क्यों आया?"

"गिनती चुक गया."

"फिर?"

"फिर से गिना."

तो वाकला. माझा दोर ओढून घेऊ लागला, सवयीनं, एकेक गाठ मुठीतून जाऊ देत. वजनाजवळच्या टोकाशी त्याचा हात थांबला. अंगठ्यानं त्यानं ती गाठ फिरवून बघितली. नखानं उकलायचा प्रयत्न केला. "ये कौन बांधा?"

"मैं," मी म्हटलं.

"तुम नहीं बांधा," अबू यूसुफ म्हणाला. "तुमको ऐसा आता ही नहीं." त्यानं कमरेचा चाकू काढला, गाठ कापायला म्हणून धरला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चाकू परत ठेवला. मी विचारलं, पास की नापास? तो म्हणाला, "इंशाल्ला." आखातात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना ठाऊक आहे, ह्या शब्दाचा अर्थ लावत बसण्यात काही अर्थ नसतो.

घरी गेलो तर सुलभा जिन्यातच उभी. "झालं?"

"झालं."

"दोर कुठाय?"

कसं झालं, किती वेळ लागला, पास झालात का, काही नाही. दोर कुठाय. मी म्हटलं, गोदीत आहे. "आणायचा होता," ती म्हणाली आणि वाढायला गेली. आमटीत त्या दिवशी मीठ नव्हतं. मी ते सांगितलं नाही आणि तिनं स्वतः जेवताना घातलंही नाही.

पुढे मला टोळीत घेतलं. सुलभा राहिली. तिचा व्हिसा वाढला, खोलीची दोन खोल्यांची जागा झाली, मुलगी झाली. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची, आणि अजून फोनवर तेच करते. ऐंशीचं दशक सरेपर्यंत मी पाण्याखाली जात होतो. दोर नवे आले, नायलॉनचे, तेव्हा हा जुना मी घरी आणला. सुलभानं तो धुऊन वाळवून ठेवून दिला. अबू यूसुफच्या घरी आम्ही ईदला जायचो. सुलभाला ओले खजूर आवडायला लागले होते. तिकडे गेली की वाटीभर खायची.

आणि एवढ्या वर्षांत मी तिला विचारलं नाही. पुन्हा पुन्हा स्वतःशीच हिशेब मांडत राहिलो. मला फसवायचंच असतं तर तिला आठाची गाठ येत होती. तशी मारली असती तर बिनबोभाट काम झालं असतं. तेव्हा फसवायचं नव्हतं. मग सांगितलं का नाही? मला कळावं असं होतं, तर दिव्याच्या उजेडात का नाही दाखवली? तिला राहायचं होतं की जायचं होतं? राहिली तर आनंदात राहिली की माझ्या नशिबाला लागून राहिली? ह्या प्रश्नांचा मला त्रास व्हायचा, आणि तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळायचो, कारण विचारलं असतं तर त्या काळोखात माझ्या मनात काय येऊन गेलं ते तिला कळलं असतं. ते तिला कळू नये असं मला फार वाटायचं. उकड सुरू झाली, चष्म्यावर धुकं आलं, की दरवर्षी हे सगळं वर यायचं आणि थंडी पडली की खाली जायचं.

परवा मात्र तो डिझेलचा वास काही जाईना. सुलभा धुण्याची बादली घेऊन पडवीत आली. दोरावर हात पोचावा म्हणून हल्ली ती पाटावर उभी राहते. मी उठून पाट धरला. खुंटीजवळची ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. ऊन, पाऊस, साबण, कशानं सैल झाली नाही. आणि मी विचारून टाकलं, खजुराचा भाव विचारावा तितक्या सहज. "ही तू बांधली होतीस ना गं?"

"मग काय अबू यूसुफच्या बायकोनं?"

"का?"

"दहा कशा ठेवायच्या?" ती म्हणाली. "आहेराच्या पाकिटात तरी कोण दहा घालतो? अकरा नको व्हायला? एवढ्या मोठ्या कामाला निघालेला माणूस, आणि शकुनाचं एक नाय."

मी पाट धरून उभा. इतकी वर्षं हिशेब मांडले, आणि हे एवढंसं उत्तर त्या हिशेबात कुठेच आलं नव्हतं. आमच्याकडे लग्नात पाकीट करताना वरचा एक घालायला मी स्वतः कधी चुकलो नाही.

"पण सुरुवातीला का बांधलीस? शेवटी बांधायची. दहा झाल्यावर अकरावी."

तिनं टॉवेल पिळला, झटकला, दोरावर टाकला. "जाताना कोण बघतो? जाताना तुमचं लक्ष त्या पान्यात. परत येताना शेवटची माझी लागायला हवी होती."

"आणि आठाची येत होती तुला. निरगाठच का?"

"आठाची मारली असती तर तुमचीच वाटली असती. माझी हाय हे कसं कळलं असतं?"

समोरच्या शेतात कोणी तरी पाखरं हाकलत होतं. पेटीचं विचारावं असं ओठांवर आलं होतं, साड्या का भरल्या होत्यास, पण मग वाटलं, त्या ओल्या हवेत साड्यांना बुरशी येत असेल, दुसरं काय. नाहीतर नसेलही तसं. एवढं राहू दे.

ती पाटावरून उतरली. माझ्या खांद्याचा आधार घेतला होता तो हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं, "लागली होती का हाताला?"

"लागली," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली आणि रिकामी बादली उचलून आत गेली.